गच्ची, पंप आणि एसीतला गॅस : पर्वरीतल्या एका सोसायटीचा कार्बनचा हिशेब

पर्वरीतली ही सोसायटी वीसेक वर्षांपूर्वीची आहे. तळाला पार्किंग, वर चार मजले, दोन विंग, दोन लिफ्ट, चोवीस फ्लॅट. राहणारे बहुतेक पेडणे, डिचोली, सत्तरीकडचे. नोकरीच्या ओढीने पणजीकडे सरकले आणि पणजीत जागा परवडेना म्हणून मांडवीच्या अलीकडे थांबले. सरकारी कर्मचारी, बँकवाले, दोन डॉक्टर, चार-पाच निवृत्त जोडपी. सोसायटीचं नाव इथे देत नाही. तशा सोसायट्या पर्वरी, म्हापसा, फोंडा इथे डझनावारी आहेत, आणि आकडे थोडेफार इकडेतिकडे केले की त्यांचीही कार्बनच्या हिशेबाची वही अशीच दिसेल.

विषय निघाला वार्षिक सभेत. दुरुस्ती निधीत थोडे पैसे शिल्लक होते आणि पर्यावरणासाठी काहीतरी करावं, यावर कधी नव्हे ते सगळ्यांचं एकमत झालं होतं. सूचना नेहमीच्याच आल्या: कापडी पिशव्या वाटू, कंपाउंडला लागून झाडं लावू, गच्चीवर सोलर बसवू. तेव्हा अभियांत्रिकीला असलेली, वडिलांच्या जागी सभेला आलेली एक मुलगी म्हणाली, "आधी आपला धूर किती ते तरी बघू या. कुठून निघतो ते माहीत नसताना पैसे कशावर घालणार?" सेक्रेटरीबाईंनी ते उचलून धरलं. माझं काम मुख्यतः हॉटेलांच्या वीज-हिशेबांचं. ओळखीतून हे काम माझ्याकडे आलं.

अट एकच घातली: हिशेब पुरा होईपर्यंत काहीही विकत घ्यायचं नाही. झाडांचं कोणी विचारलंच तर उत्तर तयार होतं. एक मोठं वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने वीस-बावीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं. सोसायटीचं उत्सर्जन शंभर टनांच्या पुढे निघालं, म्हणजे पाच हजार झाडं लागली असती. कंपाउंडमध्ये जागा होती दहा झाडांची. ती लावावीत, सावलीसाठी लावावीत, फक्त हिशेबात धरू नयेत.

वही

लागणारे आकडे फार नाहीत आणि ते घरोघरी वापरता येतात. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलचे २.७ किलो. १४.२ किलोचा एक घरगुती सिलिंडर संपला की सुमारे ४२ किलो. आणि विजेच्या एका युनिटमागे, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा देशभराच्या ग्रीडचा, म्हणजे वीजजाळ्याचा, आकडा धरला तर, ०.७ किलोच्या थोडं वर. आपण ०.७ धरू.

विजेच्या आकड्यावर सभेत थोडी कुरबुर झाली. गोव्यात कुठे कोळशाचं वीज केंद्र आहे, असं एका निवृत्त काकांनी विचारलं. नाही हे खरंच. पण आपली बरीचशी वीज कोरबा, विंध्याचल, रामगुंडम इथल्या केंद्रांतून तारेने येते, म्हणजे कोळसाच, फक्त सातशे ते तेराशे किलोमीटर लांब जळलेला. थोडी अणुवीज आणि वाढता सौर-पवनचा वाटा आहे, तो देशाच्या सरासरीत धरलेला असतो. मुरगाव बंदरातल्या कोळशाच्या धुळीविरुद्ध आपण 'गोंयांत कोळसो नाका' म्हणून रस्त्यावर उतरलो, ते योग्यच केलं. बेडरूममधला एसी चालवणाऱ्या कोळशाची धूळ मात्र आपल्या खिडकीत येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कोणी घोषणा देत नाही.

मग बिलं गोळा झाली. फ्लॅटमागे सरासरी महिन्याला अडीचशे युनिट, म्हणजे चोवीस घरांचे वर्षाला ७२,००० युनिट आणि पन्नास टन. सोसायटीचा सामाईक मीटर महिन्याला नऊशे युनिट, वर्षाचे साडेसात टन. सिलिंडर घरटी वर्षाला आठ, सगळे मिळून आठ टन. तीस दुचाकी, प्रत्येकी महिन्याला पंधरा लिटर: साडेबारा टन. अठरा चारचाकी, प्रत्येकी पंचेचाळीस लिटर: बावीस टन. एप्रिल-मे महिन्यांत नळाला पाणी कमी पडलं की टँकर येतो. त्याचं बिल खजिनदाराच्या छातीत कळ आणतं, पण कार्बनच्या वहीत तो अर्धा टनसुद्धा भरत नाही.

विमानप्रवास वहीत घेतला नाही. तिकिटं दाखवा म्हणणं लोकांना खाजगी वाटलं, आणि मीही जोर केला नाही. एवढंच सांगून ठेवलं की गोवा-दिल्ली जाऊन-येऊन विमानाने माणशी दोनशे किलोच्या पुढे जातं, म्हणजे इथल्या एका स्कूटरचं अर्धं वर्ष. मुंबईला जाताना कोकण रेल्वे आहेच, आणि २०२२ पासून तो सगळा मार्ग विजेवर आहे.

इथपर्यंत बेरीज शंभर टनांच्या आसपास आली. एक रकाना राहिला होता आणि त्याची कोणालाच कल्पना नव्हती.

एसीतला गॅस

चोवीस फ्लॅटांत चाळीस एसी. विजेच्या बिलातून त्यांचं खाणं दिसत होतंच. पण बिलं चाळताना घराघरातून एसी सर्व्हिसच्या पावत्याही आल्या, आणि त्यातल्या बऱ्याच पावत्यांवर एकच ओळ होती: गॅस भरला.

एसीतला गॅस हा काही इंधन नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो, बाष्प होतो, परत द्रव होतो, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. नळी अभंग असेल तर पंधरा वर्षं तोच गॅस चालायला हवा. तो कमी झाला याचा अर्थ तो हवेत गेला, दुसरा अर्थ नाही. आणि हवेत गेलेला हा गॅस साधा नाही. जुन्या एसीतल्या आर-२२ चा एक किलो तापमानवाढीच्या दृष्टीने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० किलोंइतका, वर ओझोनलाही घातक. मधल्या काळातल्या आर-४१०ए चा एक किलो म्हणजे दोन हजारांच्या वर. हल्लीच्या बहुतेक एसींतला आर-३२ त्या मानाने बरा, ६७५ च्या घरात. प्रोपेनवर, म्हणजे आर-२९० वर, चालणारेही एसी मिळतात. त्यांचा आकडा किरकोळ, पण प्रोपेन ज्वालाग्राही, त्यामुळे बसवणारा हात जाणता हवा.

पावत्यांवरून आणि मेकॅनिकच्या आठवणीवरून वर्षभरात भरलेला गॅस मोजला. आर-४१०ए सुमारे चार किलो, आर-२२ दोन, आर-३२ तीन. सगळे मिळून नऊ किलो, जेमतेम एका लहान सिलिंडरात मावतील एवढे. कार्बनच्या भाषेत चौदा टन. तीस स्कूटरी वर्षभर धूर सोडतात त्याहून हे जास्त होतं, आणि हा आकडा ऐकल्यावर सभागृहात, म्हणजे पार्किंगमध्ये मांडलेल्या खुर्च्यांवर, पहिल्यांदाच कोणी मोबाइलकडे बघत नव्हतं.

मेकॅनिकला बोलावलं. साधा, कष्टाळू माणूस, म्हापशाकडचा. त्याने सरळ सांगितलं, "वर्साक एकदां गॅस भरचोच पडटा." त्याच्या अनुभवात ते खरंच होतं. त्याचं कारण बाल्कनीत दिसलं. पश्चिमेकडच्या विंगेतल्या एका आउटडोअर युनिटचं कव्हर त्याने उघडलं. मागच्या कॉइलवरचे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे बोट लावलं की पांढरी पूड होऊन झडत होते. खालच्या कोपऱ्यात तांब्याच्या नळीवर हिरवट बुरशीसारखा थर, आणि एका वळणावर तेलकट काळा डाग. साबणाचं पाणी लावल्यावर तिथे बारीक बुडबुडे येऊ लागले. समुद्र इथून फार लांब नाही, वाऱ्याबरोबर खारं येतं, चार महिने दमट हवा असते. त्यात पावसाळ्यानंतर ही युनिटं कोणी धुतलेलीच नसतात. भोक तसंच ठेवून वरून गॅस भरला की तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरतो. मग पुन्हा फोन.

मेकॅनिकला दोष देण्यात अर्थ नाही. गळती शोधायची तर नळीत नायट्रोजन दाबाने भरून थांबावं लागतं, सांधा उघडून पुन्हा ब्रेझिंग करावं, म्हणजे धातू वितळवून जोडावा लागतो, नळीतली हवा पूर्ण ओढून काढावी लागते. अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक मात्र गॅसचेच पैसे देतं, शोधाचे देत नाही. शिवाय जुना एसी काढताना आतला गॅस परत सिलिंडरात ओढून घेणारं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. लहान मेकॅनिकांपैकी बहुतेकांकडे ते नसतं. पान्याने नट सैल करायचा, फुस्स आवाज होतो, झालं काम. आर-४१०ए, आर-३२ यांसारखे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा रवांडातल्या किगाली इथला करार २०१६ मध्ये झाला, भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. पण करार कारखान्यापर्यंत पोचतो. बाल्कनीत लोंबकळून काम करणाऱ्या माणसापर्यंत पोचायला गिऱ्हाइकानेच काही करावं लागतं.

सोसायटीने चाळीस एसींचा एकच वार्षिक करार केला. त्यातली महत्त्वाची कलमं तीन. गळती सापडून बंद झाल्याशिवाय गॅस भरायचा नाही. शोधाचे पैसे वेगळे मिळतील. आणि एसी भंगारात काढताना गॅस ओढून घ्यायचा, त्यासाठी लागणारं यंत्र त्या दिवसापुरतं भाड्याने आणलं तरी चालेल. चतुर्थी झाल्यावर सगळी आउटडोअर युनिटं साध्या पाण्याने धुवायची, हे कराराबाहेर, ज्याचं त्याने. सहाच्या सहा आर-२२ वाले एसी दोन वर्षांत बदलायचं ठरलं. ते कोणावर लादता येत नाही, पण आकडा ऐकल्यावर दोघांनी लगेच बदलले.

विजेची बाजू त्यामानाने सगळ्यांना ठाऊक असते. थर्मोस्टॅट एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. २०२० पासून नवे एसी सुरू होतात तेच २४ अंशांवर, पुढे आपणच रिमोट दाबत अठरापर्यंत जातो. सव्वीसवर ठेवून पंखा लावला तर गोव्याच्या दमट हवेतही झोप लागते. पंख्यांचं काम सोसायटीने सामाईक केलं. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा तीसेक. रोज दहा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला एकशे साठेक युनिट वाचतात. चाळीस पंखे एकदम घेतल्यावर दुकानदाराने भावही कमी केला. एकेकट्याने गेले असते तर चाळीसातले दहाही बदलले गेले नसते, असं मला वाटतं.

पंप, ट्यूबलाइट आणि मग सोलर

सामाईक मीटरचे नऊशे युनिट पाहून सोलरवाल्याने सभेआधीच आठ किलोवॉटचं कोटेशन देऊन ठेवलं होतं. त्याचं गणित चूक नव्हतं. गोव्यात एका किलोवॉटला वर्षाला सुमारे साडेतेराशे युनिट मिळतात, १०,८०० युनिटांना आठ किलोवॉट लागतातच. पण ते नऊशे युनिट कुठे जातात हे त्याने विचारलं नाही, आणि त्याने का विचारावं?

आम्ही पंपापाशी उभे राहिलो. पंच्याऐंशी माणसांचं रोजचं पाणी तेरा हजार लिटरच्या आसपास. ते अठरा मीटर वर चढवायला, पंप अगदी मध्यम प्रतीचा असला तरी, दोन युनिटांहून जास्त लागू नयेत. पंप रोज चार तास चालून नऊ युनिट खात होता. फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची एकेरी झडप, गळका, त्यामुळे दर वेळी आधी हवा काढण्यात वीस मिनिटं जायची. इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, झिजलेला. आणि पहाटे वॉचमन पंप लावून डुलकी काढायचा, टाकी भरून वाहायची, पाण्याची धार मागच्या भिंतीवरून उतरायची. त्या भिंतीवर बाराही महिने शेवाळ होतं, आणि सगळ्यांना ते पावसाचं वाटत होतं. टँकरचं पाणीही यातच जात होतं.

नवा, मापाचा पंप आणि दोन्ही टाक्यांत पाण्याच्या पातळीप्रमाणे पंप आपोआप चालू-बंद करणारा फ्लोट स्विच बसवला. पार्किंगच्या जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट रात्रभर जळायच्या, त्या जागी एलईडी आल्या, जिन्यांत माणसाची चाहूल लागली की पेटणारे दिवे. लिफ्टला हात लावला नाही. सामाईक मीटर नऊशेवरून सव्वाचारशेच्या आत आला. खर्च झाला साठेक हजार, आणि तो अडीच-तीन वर्षांत फिटेल. आता सामाईक वापराला आठऐवजी चारच किलोवॉट पुरणार होते. समितीने पाच घेतले. जास्तीचा एक स्कूटरी चार्ज करायला.

पैशाचं बोलायचं तर, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत एकट्या घराला पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं. गृहनिर्माण संस्थेला सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,०००. पाच किलोवॉटचे नव्वद हजार झाले, उरलेले दोन लाखांच्या आसपास दुरुस्ती निधीतून. खजिनदारांची तक्रार होती की हे सात-आठ वर्षांशिवाय फिटत नाही. तक्रार रास्त आहे. गोव्यातली घरगुती वीज महाराष्ट्राच्या मानाने स्वस्त, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या लेखांतले चार वर्षांत पैसे वसूल होण्याचे हिशेब इथे लागू पडत नाहीत. इथे सोलर घ्यायचा तो फायद्यासाठी नाही, तोटा होत नाही म्हणून.

खरी अडचण पैशाची नव्हतीच. गच्ची कोणाची, हा प्रश्न होता.

चौथ्या मजल्यावरच्या आजी एप्रिल-मेमध्ये गच्चीवर सोलं, म्हणजे कोकमाची सालं, वाळवतात. त्यांच्याच नाही, अर्ध्या इमारतीच्या मिरच्या, सांडगे, फणसाचे पापड तिथेच पडतात. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे ते दिवस. आजी सभेला क्वचित येतात, त्या वेळी आल्या. "बाबांनो, पाटे लावा, नको कोण म्हणतं? पण पावसाआधीचे दोन महिने ऊन आम्हालाही लागतं." दुसरी हरकत एका डॉक्टरांची: २०२१ च्या तौक्ते वादळात शेजारच्या इमारतीचे पत्रे उडालेले त्यांनी पाहिले होते. तिसरी, आणि मला सर्वांत पटलेली, खजिनदारांची: स्लॅबला एकही भोक पाडायचं नाही. वॉटरप्रूफिंगवर आधीच बराच खर्च झाला होता, आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात गळक्या गच्चीइतकी भांडणं दुसरं काही लावत नाही.

म्हणून ओव्हरहेड टाकीच्या दक्षिणेला पाचशे चौरस फुटांत पॅनेल बसले, काँक्रीटच्या वजनी ठोकळ्यांवर, पंधरा अंशांचा उतार देऊन, जमिनीलगत ठेवून, म्हणजे वाऱ्याला खालून उचलायला वाव कमी. पूर्वेचा पट्टा मोकळा ठेवला. तिथे सकाळी सातपासून ऊन असतं आणि सोलं तिथेच वाळतात. पॅनेल धुवायचं पाणी त्या बाजूला येऊ नये म्हणून आजींनी मध्ये विटांची एक ओळ रचून घेतली.

दोन गोष्टी लोकांना नंतर कळल्या, त्या आधीच सांगायला हव्यात. जून ते ऑगस्ट उत्पादन उन्हाळ्याच्या जवळपास निम्म्यावर येतं. ग्रीडला दिलेली आणि ग्रीडकडून घेतलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरमुळे आधीची जास्तीची वीज खात्यात जमा असते, म्हणून वर्षाचा मेळ बसतो. आणि वीज गेली की हा सोलरही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून यंत्रणा मुद्दाम तशी केलेली असते. पहिल्या मोठ्या पावसात वीज गेली तेव्हा सेक्रेटरीबाईंना एका संध्याकाळी निम्म्या सोसायटीला हे समजवावं लागलं.

स्वयंपाकघर

इथे फार काही केलं नाही. एका कुटुंबाने हौसेने इंडक्शन शेगडी आणली होती आणि गॅस बंद केला म्हणून ते खूश होते. हिशेब मांडला तर भांड्यात तेवढीच उष्णता पोचवायला आजच्या ग्रीडवरच्या इंडक्शनचा धूर एलपीजीपेक्षा जास्त, जवळजवळ दुप्पट निघतो. शेगडी कार्यक्षम आहे, वीज कोळशाची आहे. ग्रीडमध्ये सौर-पवन वाढेल तसं हे पालटेल. तोवर कुकर वापरा, कडधान्य भिजत घाला, गिझर दिवसभर चालू ठेवू नका. ओला कचरा वेगळा दिला तर त्याचा बायोगॅस होऊ शकतो, साळगावच्या प्रकल्पात तेच होतं. मिसळून दिला तर कुठेतरी दबून त्यातून मिथेन निघतो, जो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट तापवतो. सोसायटीत वर्गीकरण आधीपासून बरं होतं, त्यामुळे वाचण्यासारखं थोडंच होतं.

गाड्या

बावीस टनांचा चारचाकींचा रकाना विजेखालोखाल सर्वांत जड, आणि इथे आमचं फारसं चाललं नाही.

दुचाकींचं सोपं होतं. पंचेचाळीस किलोमीटर देणारी पेट्रोल स्कूटर किलोमीटरला पन्नासेक ग्रॅम सोडते. विजेची स्कूटर कोळशाच्या ग्रीडवरही निम्म्याहून कमी. वर्षभरात सहा जणांनी बदलल्या, आणि त्यांची वर्षाची दीड हजार युनिट वीज गच्चीवरच्या जास्तीच्या उत्पादनात बसते. बसते म्हणजे कागदावर. दिवसा आपण ग्रीडला देतो आणि रात्री ग्रीडकडून घेतो, आणि रात्रीची ती वीज कुठून आली हे आपल्याला ठाऊक आहे. तरी बेरीज खोटी नाही. दिवसा तेवढा कोळसा कुठेतरी कमी जळतोच.

चारचाकींचं तसं नाही. पणजी पाच-सहा किलोमीटरवर. सचिवालय तर पर्वरीतच, सोसायटीपासून चालत वीस मिनिटं, आणि तिथे नोकरीला असलेले दोघे तिथेही गाडीने जातात. एकाला विचारलं तर म्हणाले, "चालायला काही नाही हो, पण रस्ता कुठाय?" खोटं नाही. महामार्गावर उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून कडेने चालणं म्हणजे धूळ खात, सळया चुकवत जाणं. तीन कुटुंबांनी पणजीला एकाच गाडीने जायचं ठरवलं. मुलांच्या शाळा सुटायच्या वेळा जुळेनात, दोन गळाली, एक जोडी टिकली. बस आहे, सकाळी गर्दीची पण आहे. रात्री आठनंतर मात्र तिचा भरवसा नाही. ज्याला रात्री परतायचं आहे तो सकाळीही बसने जात नाही, गाडीच काढतो. एका परतीच्या बसअभावी दोन्ही फेऱ्या पेट्रोलवर जातात. सोसायटीने आसपासच्या इमारतींच्या सह्या घेऊन संध्याकाळच्या जादा फेऱ्यांसाठी अर्ज दिला आहे. अजून काही हललं नाही. चतुर्थीला तर अठराच्या अठरा गाड्या पेडण्या-डिचोलीच्या दिशेने निघतात, आणि त्याबद्दल कोणाला काही सांगायची माझी छाती नाही.

वर्षानंतर

दुसऱ्या वर्षीची वही त्याच मुलीने भरली. सामाईक मीटरचे साडेसात टन जवळपास पुसले गेले. उन्हाळ्यात गॅस भरायची वेळ दोनच एसींवर आली, म्हणजे चौदा टनांचे दोन झाले. मात्र एका वर्षावरून यावर शिक्का मारू नये, कारण खाऱ्या हवेतली कॉइल आणखी दोन पावसाळे कशी टिकते ते बघायचं आहे. पंखे आणि एसीच्या सवयींतून घरांची वीज दहा टक्क्यांनी खाली आली, पाच टन. स्कूटरींचे अडीच. एकूण एकशे पंधरामधून सत्तावीस टन, पावभागाला थोडं कमी.

यात कापडी पिशव्या नाहीत, आणि कोणी आपलं राहणीमान खाली आणलं असंही नाही. सत्तावीसमधले जवळपास वीस टन पंप, जिन्यातले दिवे, गच्ची आणि एसीचा करार यांतून आले, म्हणजे एकट्या फ्लॅटधारकाला मनात आणूनही जमली नसती अशी कामं. सभेत ठराव झाला म्हणून ती झाली. ठरावाला लागलेला वेळ बसवण्याच्या कामाहून जास्त होता, हेही नोंदवून ठेवतो.

मेकॅनिकने करार नवा करताना दर वाढवून मागितला. गळती शोधण्यात त्याचे दिवस जातात आणि गॅसच्या विक्रीतले पैसे बुडाले, असं त्याचं म्हणणं. खजिनदार कुरकुरले, समितीने मान्य केला.

सध्या वाद चालू आहे तो पार्किंगचा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाला विजेची गाडी घ्यायची आहे आणि आपल्या जागेवर चार्जर हवा आहे. एकाच जागेपुरती केबल टाकली तर खर्च त्यांचा. सहा जागांपर्यंत एकदम टाकली तर दर जागेमागे स्वस्त पडते, पण बाकी पाच जणांनी अजून गाडी घ्यायचं ठरवलेलं नाही आणि मंजूर वीजभारही वाढवून घ्यावा लागेल. समितीचा कल सहाकडे आहे. पुढच्या सभेत मतदान आहे, आणि आजी या वेळीही येणार आहेत, कारण केबल गच्चीच्या जिन्यावरून खाली उतरायची आहे.